डक्टकडची खिडकी

मधुकर धुरी कुणाच्याही घरात आला की आधी भिंतीला हात लावतो. तळहात नव्हे, पालथा हात, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. मग छताकडे बघतो, खिडकी कुठल्या दिशेला आहे ते बघतो, आणि खुर्ची पुढे केली तरी बसत नाही. पंधरा वर्षं तो आमच्या सोसायटीत एसी बसवतोय, धुतोय, दुरुस्त करतोय. या पंधरा वर्षांत मी त्याला बसलेला एकदाच पाहिला. आमच्या डोक्यावरच्या, सातव्या मजल्यावरच्या नंदाबाई खरातांच्या स्वयंपाकघरात, फरशीवर, ओट्याला पाठ टेकून.

घाटकोपर पूर्वेला पंतनगरात जुन्या दुमजली चाळींच्या जागी आमची सात मजली इमारत उभी राहिली तेव्हापासून धुरी इथे येतो. राहतो विक्रोळीला, कन्नमवार नगरात. वय चौपन्न. मूळ कुडाळकडचा. वडील गिरणीत होते, गिरणी गेली, मग धुरी एकोणिसाव्या वर्षी फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात चिकटला आणि तिथून एसीकडे वळला. स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये व्हॅक्यूम पंप, मागे तांब्याच्या पाइपाची गुंडाळी, खिशात सळईसारखा थर्मामीटर. तो थर्मामीटर त्याच्याकडे कायम असतो. बोलता बोलता तो काढून हवेत धरतो आणि आकडा वाचतो, दुसरा माणूस घड्याळ बघेल तसा.

विकायच्या कामात तो वाईट आहे. माझ्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा मला दीड टनाचं मशीन घ्यायचं होतं. तो म्हणाला, "साहेब, आधी पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावा. दाराखाली फट आहे तिथं जुनी साडी गुंडाळून घाला. मग बघू." महिन्याभराने आला, पालथा हात भिंतीला लावला आणि एक टनाचं घ्यायला सांगितलं. सव्वीसवर ठेवा, पंखा बारीक चालू राहू द्या, फिल्टर पंधरा दिवसांनी नळाखाली धरा. अर्ध्या सोसायटीचे विजेचे युनिट त्याने असे उतरवले. तो एकदा म्हणाला होता, "थंडी असं काही नसतंच, साहेब. आपण थंडी करत नाय. इथली गरमी उचलायची नि तिथं टाकायची. हमाली आहे ही."

कुठे टाकायची, हे मी तेव्हा विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.

टाकायची जागा म्हणजे डक्ट. इमारतीच्या पोटात खालपासून वरपर्यंत गेलेली ती चौकोनी पोकळी. संडास-मोरीचे पाइप तिच्यातून उतरतात, वर कबुतरांसाठी जाळी लावलेली आहे. सगळ्या मजल्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या तिच्यात उघडतात. २०१२ साली सोसायटीने नियम केला की एसीचं बाहेरचं यंत्र इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर लावायचं नाही, डक्टमध्येच लावायचं. भिंती स्वच्छ राहिल्या. चेअरमन खूश झाले. पहिल्या वर्षी डक्टमध्ये सात यंत्रं होती. गेल्या वर्षी मी वाकून मोजली तेव्हा एकतीस झाली होती. एकावर एक, एकमेकांच्या तोंडात श्वास सोडत.

गरम हवा वर जाते. वर नंदाबाईंची खिडकी आहे.

नंदाबाई मूळच्या जालन्याच्या. नवरा दशरथ खरात गेल्याला बारा वर्षं झाली. त्यानंतर त्यांनी भाकऱ्या करायला घेतल्या. ज्वारीच्या, हातावर थापलेल्या. सकाळी चाळीस, संध्याकाळी चाळीस. आसपासची नोकरीवाली बिऱ्हाडं, दोन खानावळी, मधुमेहाची माणसं. आमच्या घरीही रोज सहा येतात. भाकरीच्या कामात पंखा चालत नाही, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. पंख्याने पीठ उडतं आणि ज्योत हलते, मग भाकरी एकीकडे करपते, दुसरीकडे कच्ची राहते. म्हणजे हवा यायची ती खिडकीतूनच. आणि गेली चार वर्षं ती खिडकी बंद होती, कारण उघडली की आत यायची ती एकतीस यंत्रांनी उचलून टाकलेली गरमी.

या ऑक्टोबरात नंदाबाई तव्यासमोर कोसळल्या. दुपारी साडेबाराला. भाकरी उलटायला हात पुढे केला आणि खाली बसल्या, मग कलंडल्या. मुलगा सम्यक ऑफिसात होता. भाकऱ्या न्यायला मीच वर गेलो होतो, दार उघडंच होतं. पाणी मारलं, गॅस बंद केला. डॉक्टरने सांगितलं, या उष्म्यात स्वयंपाकघरात काम बंद. एक तर जागा बदला नाही तर काम.

"काम बंद करून काय करू?" नंदाबाईंनी मला विचारलं. "टीव्ही बघू?"

दुसऱ्या दिवशी धुरी आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो वर गेला आणि मी खालून खिडकीशी उभा राहून ऐकलं. वर खिडकी उघडल्याचा आवाज आला. तो खाली उतरला तेव्हा थर्मामीटर त्याच्या हातात होता.

"बाहेर पस्तीस. तिच्या खिडकीत पंचेचाळीस," तो म्हणाला.

"मग?"

"जाळी चोकअप झाली असेल. कबुतरांची पिसं." तो जिन्याकडे वळला, परत आला, पुन्हा वळला. "जाळीच असणार."

त्या आठवड्यात तो पाच वेळा आला. गच्चीवर जाऊन त्याने जाळी धुतली, पिसं नि घरटी काढली. दोन अंश कमी झाले. तीन दिवसांनी पुन्हा वाढले. मग डक्टच्या तोंडाशी त्याने स्वतःच्या खर्चाने मोठा पंखा बसवला. त्याने सातव्या मजल्याची हवा थोडी हलली, पण तिथल्यापेक्षा जास्त गरम हवा खालून वर ओढली गेली. मग त्याने नंदाबाईंना कमी वीज खाणारा छताचा पंखा आणून दिला, रिमोटवाला.

"भाऊजी, भाकरीला पंखा चालत नाही. पंचवीस वर्षं तुम्हाला भाकरी वाढते मी."

"हां," धुरी म्हणाला. "ते डोक्यातून गेलं."

पंखा त्याने बाहेरच्या खोलीत लावला, कारण आता परत कसा न्यायचा.

त्याच्या बायकोशी, उत्तराशी, माझी ओळख आहे. ती गणपतीला आमच्याकडे येते. तिचा मला फोन आला. "काय चल्लांहा तुमच्या बिल्डिंगीत?" तिने विचारलं. "जेवतानासुद्धा लक्ष ठिकाणार नाय हेंचां. ताटात भात, नि हे भिंतीक हात लावून बसतत. काल माका म्हणतत, उत्तरा, चूक केलेल्या माणसान काय करूचां? मी म्हटलां, आधी जेवचां."

मधल्या काळात सम्यकने जे कुठलाही मुलगा करेल ते केलं. त्याने एसी घेतला. पाच स्टारचा, इन्व्हर्टर, स्वयंपाकघरासाठी. खोका हॉलमध्ये उभा राहिला आणि त्याने धुरीला बसवायला सांगितलं. धुरी म्हणाला, ब्रॅकेट नाही. मग ब्रॅकेट आणला आणि म्हणाला, भिंत पोकळ आहे. मग म्हणाला, वायरिंग बघायला लागेल.

"काका, प्रॉब्लेम काय आहे तुम्हाला?" सम्यकने एका रविवारी सकाळी थेट विचारलं. "आई पडली ते तुम्हाला माहिती आहे ना? तुम्ही नाही तर मी ॲपवरून माणूस बोलवतो. तासात लावून जाईल."

"कुठं लावेल?"

"डक्टमध्ये. दुसरीकडे कुठं?"

"बत्तिसावा," धुरी म्हणाला. मग त्याने घड्याळ बघितलं. "सम्यक, मला अर्धा तास दे. मग तुला जे करायचं ते कर."

आणि तो खाली निघाला. मी आमच्या दारात उभा होतो. माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, तुमचं मशीन बंद करा. अर्ध्या तासासाठी. सर्विसिंग आहे."

त्याने प्रत्येक दार वाजवलं. पाचवा, चौथा, तिसरा, खालपर्यंत. सगळ्यांना तेच सांगितलं, सर्विसिंग. त्या वेळी एकोणीस यंत्रं चालू होती. धुरीवर सगळ्यांचा विश्वास, त्यामुळे एकानेही का म्हणून विचारलं नाही. एकेक यंत्र थांबत गेलं तसं ते मला खिडकीशी ऐकू येत होतं. इतकी वर्षं तो आवाज मी आवाज म्हणून ऐकलाच नव्हता. तो थांबल्यावर कळलं की तो होता. डक्टमध्ये कुठेतरी नळ ठिबकत होता, आणि वर नंदाबाईंच्या घरी परात सरकली.

मी वर गेलो. का ते सांगता येणार नाही. त्यांच्या खिडकीखाली अगदी लागून असलेलं यंत्र माझं आहे, हे कारण पुरेसं असावं.

धुरीने खिडकी उघडली होती आणि थर्मामीटर बाहेर धरला होता. चव्वेचाळीस. त्रेचाळीस. नंदाबाई डॉक्टरचं न ऐकता पीठ मळत होत्या. वीस-पंचवीस मिनिटांत आकडा साडेछत्तीसवर आला. वरून थोडा वारा आला, म्हणजे आकाशातून येतो तो साधा वारा, आणि कॅलेंडरची पानं हलली. नंदाबाईंनी गॅस पेटवला, तवा ठेवला. पहिली भाकरी टाकली. ज्योत जागच्या जागी राहिली.

"सगळ्यांची बंद केलीत ना?" त्यांनी पाठ न वळवता विचारलं.

"हो."

"कधीपासून ठाऊक होतं हे तुम्हाला?"

धुरीने थर्मामीटर पुसला. "तीन वर्षं. चारेक."

"आणि नियम कुणी करायला लावला? डक्टमध्येच लावायचं म्हणून?"

त्या वेळी तो बसला. ओट्याला पाठ टेकून, पाय पसरून, फरशीवर. सम्यक खोक्याशेजारी उभा होता. खालून कुणीतरी यंत्र सुरू केलं, मग आणखी एक.

"मीच," धुरी म्हणाला.

पुढचं तो सलग बोलला नाही. मध्ये थांबत, उलटसुलट. मी ते जुळवून लिहितोय.

दशरथ आणि तो सतरा वर्षं जोडीने काम करत होते. एसी बसवताना एक माणूस बाहेर छज्ज्यावर असतो आणि दुसरा आत. आतल्याच्या हातात तांब्याच्या पाइपाची गुंडाळी असते. बाहेरचा म्हणतो "सोड", मग आतला पाइप सोडतो, हातभर, दोन हात. बाहेरचा म्हणेपर्यंत सोडायचा नाही, म्हटल्यावर धरून ठेवायचा नाही. एवढाच कायदा. बाहेर नेहमी दशरथ, कारण तो हलका होता आणि त्याला उंचीचं काही वाटत नसे. २०१२च्या मार्चात मुलुंडला, चौथ्या मजल्यावर, दशरथ बाहेरून म्हणाला, "सोड." धुरीने सोडला. त्यानंतर सुकी माती पडावी तसा आवाज झाला. छज्जा आतून कुजलेला होता. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. धुरीला कुणी दोष दिला नाही.

"पण माझ्या हाताला ओढ होती," धुरी म्हणाला. "तो सोड म्हणाला तेव्हा पाइपाला ओढ होती. पाइपाची होती की त्याची, ते मला कळलं नाय. अजून नाय कळत."

त्यानंतर बाहेरचं कामही त्याच्यावर आलं, पण तो एकदाही छज्ज्यावर उतरला नाही. महिन्याभरात आमच्या सोसायटीत सात यंत्रांचं काम आलं तेव्हा त्याने कमिटीला सांगितलं की बाहेरच्या भिंतीवर यंत्र लावलं की पाणी झिरपतं, प्लास्टर सुटतं, डक्टमध्ये लावा. डक्टमध्ये काम करायला बाहेर जावं लागत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहून हात पोचतो. त्यासाठी बेडरूमपासून डक्टपर्यंत मोरीच्या माळ्यावरून वीस-बावीस फूट पाइप न्यावा लागायचा. चार फुटांचं काम बावीस फुटांत. त्यातच पाच स्टारचे दोन स्टार गळायचे. तो प्रत्येक घरात जाऊन पडदे लावायला सांगत होता, फटी बुजवायला सांगत होता, युनिट वाचवत होता. आणि भिंतीच्या पलीकडे त्याने जे करून ठेवलं होतं त्याच्याकडे पाठ करून उभा होता.

नंदाबाईंनी भाकरी उलटली, मग तवा काढून ती ज्योतीवर धरली. फुगली. त्यांनी ती उतरवून घेतली आणि मगच बोलल्या.

"पाइपाला माणूस टांगलेला राहत नसतो, भाऊजी. बोटाएवढा तर पाइप. छज्जा गेला, ते गेले. मी हे बारा वर्षांपूर्वी समजून घेतलं, तुम्ही घेतलं नाही. तो तुमचा प्रश्न."

धुरीने थर्मामीटर पुन्हा पुसला.

"पण ही खिडकी तुम्ही घालवली," त्या म्हणाल्या. "ही मला परत पाहिजे."

"आई, एसी आणलाय ना," सम्यक म्हणाला.

"मला मशीन नको. माझी गरमी परत त्याच डक्टमध्ये, आणि मग कुणाच्या घरात? आपल्याच. खोका परत दे. मला खिडकी पाहिजे."

डक्टमध्ये आवाज पुन्हा भरत आला होता. अर्धा तास संपला होता. धुरी उठला, थर्मामीटर खिडकीत धरला, आकडा बघितला आणि आम्हाला सांगितला नाही. नंदाबाईंनी हात लांब करून खिडकी लावून घेतली.

पुढच्या रविवारी खाली पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग होती. विषय पाण्याच्या टाकीचा. धुरी सभासद नाही, पण तो येऊन खांबापाशी उभा राहिला. सेक्रेटरी हर्षदभाईंनी विचारलं, "बोल ना धुरी, तुझं काय आहे? तुझ्या पाच स्टारवाल्या मशीनने माझं बिल खाल्लं, त्याबद्दल बोलतो का?" माणसं हसली.

"त्याच्याबद्दलच," धुरी म्हणाला.

आणि त्याने सांगितलं. दशरथचं नाही सांगितलं. एवढंच की बारा वर्षांपूर्वी बाहेरच्या भिंतीबद्दल त्याने जे सांगितलं ते खोटं होतं. पाणी झिरपत नाही, प्लास्टर सुटत नाही. त्याला बाहेर उतरायची भीती वाटत होती म्हणून त्याने नियम करायला लावला. एकतीस यंत्रं एकमेकांची गरम हवा पितात, म्हणून प्रत्येक यंत्राला जास्त मेहनत पडते. तुम्ही खालचे ती मेहनत बिलात भरता आणि वरच्या त्या बाई तव्यासमोर भोगतात. सगळी यंत्रं मागच्या मोकळ्या भिंतीवर न्यायला हवीत.

मग सगळे एकदम बोलले. तिसऱ्या मजल्याने विचारलं की बारा वर्षं आम्हाला उल्लू बनवलं का. पहिल्या मजल्याने सांगितलं की आमच्याकडे काही गरम होत नाही, आम्ही का हलवायचं. कुणीतरी म्हणालं, याला इमारतीत पाय ठेवू देऊ नका. धुरी खांबापाशी उभाच होता. त्याचा पालथा हात खांबाला टेकलेला होता.

"एक मिनिट," हर्षदभाई म्हणाले. "नियम मी बदलतो, तो माझा टेन्शन. पण बाहेर जाणार कोण? सात मजले आहेत. तू तर घाबरतो."

"दोरीवाली माणसं मिळतात. रंगकाम करतात ती. पुढची ती करतील." धुरीने खांबावरचा हात काढला. "पहिलं मी करणार."

"का? शो करायला?"

"नाय. बाहेर होत नाय असं मी सांगितलं होतं. होतं, ते मलाच दाखवायला लागेल. नाय तर तुम्ही कोण ऐकणार?"

मी हात वर केला आणि म्हटलं, पहिलं माझं. नंदाबाईंच्या खिडकीखाली तेच आहे.

ते शनिवारी सकाळी झालं. गच्चीवर टाकीच्या खांबाला दोरी बांधली, धुरीच्या कमरेचा पट्टा नवा होता. सम्यक दोरीपाशी. रंगकामवाल्यांपैकी एकजण, किरण नावाचा, दुसऱ्या दोरीवर यंत्र खाली सोडणार होता. धुरीने आदल्या संध्याकाळी येऊन डक्टमधलं यंत्र सुटं केलं होतं, गॅस आत ओढून घेतला होता, मागच्या भिंतीला माझ्या बेडरूमच्या खिडकीशेजारी भोक पाडलं होतं. ते सगळं आतून करता आलं. उरलं होतं ते बाहेरचं.

छज्जा त्याने आधी हातोडीने ठोकून पाहिला. टोकापासून टोकापर्यंत, इंचाइंचाला, आतून वाकून. मग पुन्हा ठोकला. मग तिसऱ्यांदा. किरण वरून ओरडला, "काका, छज्जा मजबूत आहे, मी कालच उभा राहिलोय." धुरीने चौथ्यांदा ठोकला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मग त्याने खिडकीच्या चौकटीवर पाय टाकला आणि मी दुसरीकडे बघितलं. परत बघितलं तेव्हा तो बाहेर होता, भिंतीला छाती लावून, गाल लावून.

दहा मिनिटं तो तसाच होता. मग हात हलले. ब्रॅकेटचे स्क्रू, यंत्र वरून आलं, त्याने ते पोटाशी घेऊन बसवलं, नट आवळले. काम चालू झाल्यावर त्याचे हात नेहमीसारखे भरभर चालले. मी आत, माझ्या हातात पाइपाची गुंडाळी. चार फुटांचं काम होतं. टोक भोकातून बाहेर गेलं होतं आणि त्याने ते धरलं होतं.

आता त्याने म्हणायचं होतं. तो म्हणत नव्हता. माझ्या हाताला पाइपाची ओढ लागत होती. मी विचारलं, "सोडू?" बाहेरून उत्तर आलं नाही.

नंदाबाई केव्हा आत आल्या ते मला कळलं नाही. हाताला पीठ होतं. "द्या इकडं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी गुंडाळी माझ्या हातातून काढून घेतली. भिंतीशी उभ्या राहिल्या. भोकाशी तोंड नेऊन हाका मारल्या नाहीत, काही समजावलं नाही. नुसत्या पाइप धरून उभ्या राहिल्या.

"कोण आहे आत?" बाहेरून धुरीने विचारलं.

"मी आहे."

खाली मागच्या आवारात कुणाची तरी गाडी धुतली जात होती, बादलीचा आवाज येत होता. नंदाबाईंच्या हातातलं पीठ पाइपावरच्या काळ्या वेष्टणाला लागलं होतं.

"वहिनी," धुरी म्हणाला. "सोडा."

"सोडला," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सोडला. पाइप सरकत गेला, दोन फूट, तीन. मग थांबला. बाहेरून पाना फिरल्याचा आवाज आला. एवढंच झालं. तो पाइप होता आणि तो जागेवर बसला.

धुरी आत आला. मी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. व्हॅक्यूम पंप लावला, गेज बघितलं, गॅस सोडला, यंत्र चालू केलं, आतल्या एसीच्या जाळीसमोर थर्मामीटर धरला आणि मान हलवली. मग लगेच वर गेला. त्याच्यामागे आम्ही.

सातव्या मजल्यावर नंदाबाईंनी खिडकी उघडली. धुरीने थर्मामीटर बाहेर धरला. डक्टमध्ये तीस यंत्रं होती, शनिवार होता, बरीचशी चालू होती.

"साडेत्रेचाळीस," तो म्हणाला. "फक्त दीड कमी."

नंदाबाईंनी खिडकी लावून घेतली नाही. चार बोटं उघडी ठेवली आणि तिच्यात लाटण्याचा तुकडा अडकवला, वाऱ्याने आपटू नये म्हणून. खरं तर वारा नव्हता. मग त्या परातीपाशी गेल्या आणि पिठाचा गोळा हातात घेतला.

धुरी ओट्यापाशी उभा होता. त्याने भिंतीला पालथा हात लावला, काढला, परत लावला.

"तीस राहिलेत," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," नंदाबाई म्हणाल्या. "मग इथं काय उभे? पाचव्या मजल्यावरचे घरात आहेत, मघाशीच भाकऱ्या देऊन आले. जा, विचारा."